आधी मोजमाप, मग ब्लेड : बाळाच्या काचबिंदूचं ऑपरेशन

[दृश्य : पहाट, दिंडोरी नाका, एसटीतून उतरणारी माणसं]

सुरगाणा, बोरगाव, वणी, दिंडोरी. या रस्त्यानं ऑपरेशनला येणाऱ्या बाळानं आदल्या संध्याकाळीच नाशिकला मुक्कामाला यावं हे बरं, कारण सकाळी ते उपाशी हवं. वरचं दूध 6 तास आधी बंद, अंगावरचं 4 तास आधी, साधं पाणी 2 तास आधी. पहाटे बाळ रडतं, आजी दोन चमचे दूध पाजते आणि भूल पुढे ढकलावी लागते. भुलीत दूध उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं, त्यामुळे भूलतज्ज्ञ इथे कुणाचं ऐकत नाहीत.

[दृश्य : बाळाचा डोळा, अगदी जवळून]

बुबुळ मोठं आहे, वर किंचित दुधी झाक. उजेडात आणलं की बाळ आईच्या पदरात तोंड खुपसतं, पापण्या घट्ट मिटतं, डोळ्यातून पाणी गळतं. घरात मात्र "काय टपोरे डोळे आहेत" म्हणून काजळाची तीट लागलेली असते. पाणी गळतंय म्हणजे अश्रुनलिका बंद असेल, असं धरून नाकाच्या कडेला महिनोन्‌महिने मसाजही चालतो. नलिका बंद असलेल्या बाळाच्या डोळ्याला चिपडं येतात, पण ते उजेडाला भीत नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ बाळं वेळेत इथवर पोचतील.

डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या जाळीतून श्लेम कालव्यात, म्हणजे डोळ्याच्या भिंतीतल्या बारीक वाटेत, जातं. बाळाच्या काचबिंदूत ती जाळी गर्भातच नीट घडलेली नसते. दाब वाढतो. मोठ्या माणसाचा डोळा त्यानं फुगत नाही, बाळाचा फुगतो, कारण भिंत अजून लवचीक असते. ताणामुळे कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या, आतल्या पडद्याला चिरा जातात, त्यातून पाणी शिरतं आणि डोळा दुधी दिसतो.

मोठ्यांच्या काचबिंदूत बहुधा आधी थेंब, नंतर ऑपरेशन. बाळात उलटं. टिमोलॉल, डॉर्झोलामाइड हे थेंब ऑपरेशनच्या दिवसापर्यंत वेळ काढायला. ब्रिमोनिडिन 2 वर्षांखालच्या बाळाला नाहीच, श्वास मंदावतो.

[दृश्य : ऑपरेशन थिएटर, हातातला दाब मोजायचा टोनोमीटर, कॅलिपर]

बाळ झोपलं की लगेच दाब मोजतात. भुलीचे वायू दाब खाली आणतात, घशात नळी घालताना तो क्षणभर चढतो. म्हणून जमलं तर नळीच्या आधी आणि पटकन. मग कॅलिपरनं कॉर्नियाची आडवी रुंदी. नवजात बाळात ती 9.5 ते 10.5 मिलिमीटर असते. वर्षाच्या आत 12 च्या वर गेली, की काचबिंदू नाही हे सिद्ध होईपर्यंत सोडायचं नाही. नंतर ए-स्कॅनवर (ध्वनिलहरींची तपासणी) डोळ्याची लांबी आणि शेवटी डोळ्याच्या मागच्या नसेचा खळगा, जो दाबानं मोठा होतो. बाळाच्या बाबतीत एक दिलासा असा, की दाब वेळेत उतरला तर हा खळगा लहानही होतो. ही मोजमापं कंटाळवाणी वाटतात, पण पुढच्या प्रत्येक निर्णयाचा आधार तीच.

[दृश्य : मायक्रोस्कोपमधून, ऑपरेशन]

कॉर्निया स्वच्छ असता तर आतूनच जाळी कापता आली असती, ती गोनिओटॉमी. इथे आतलं दिसत नाही, म्हणून बाहेरून जायचं. वरचं पातळ आवरण बाजूला केलंय. व्रण धरू नये म्हणून मायटोमायसिनचे बोळे 2-3 मिनिटं, आणि मग भरपूर पाण्यानं धुणं. आता पांढऱ्या भिंतीचा अर्ध्या जाडीचा तुकडा झाकणासारखा उचलतात. द्राक्षाचं साल न फाटता सोलावं, इतकंच हलकं हाताचं काम.

आता बघा, निळसर-करडा भाग जिथे पांढऱ्याला मिळतो तिथे उभी चीर. एकेक धागा कापत खोली वाढते आणि पाण्याचा किंवा रक्ताचा बारीक थेंब झिरपतो. कालवा सापडला. ताणलेल्या डोळ्यात या खुणा सरकलेल्या असतात, म्हणून आधी नायलॉनचा दोरा घालून खात्री करतात.

मग ट्रॅब्यूलोटोम, जाळी फाडायचं अवजार. त्याला दोन समांतर दांड्या. आतली कालव्यात, बाहेरची दिशा दाखवायला. दांडी पूर्ण आत गेल्यावर ती बुबुळाच्या दिशेनं फिरवतात आणि जाळी फाटते. थोडा अडथळा जाणवतो, तो जाणवायलाच हवा. दांडीबरोबर बुबुळाचा पडदा हलला तर आपण फार मागे आहोत, थांबायचं. जरासं रक्त उतरतं, ते बहुतेक वेळा आपोआप शोषलं जातं. हेच दुसऱ्या बाजूला. दुधी कॉर्नियाच्या बाळांत आपल्याकडे पुष्कळ सर्जन याच चिरेतून ट्रॅब्यूलेक्टॉमीही करतात: भिंतीचा छोटा तुकडा काढून पाण्याला दुसरी वाट. वर 10-0, म्हणजे अतिबारीक, नायलॉनचे टाके. सैल बसले तर पाणी निसटून डोळा मऊ पडतो, घट्ट बसले तर वाट बंद.

[दृश्य : ट्रेवर ठेवलेली नळी]

एवढं करूनही दाब चढला, तर डोळ्यातलं पाणी बाहेर नेणारी ही नळी. मदुराईच्या ऑरोलॅबची, मागची पट्टी 350 चौरस मिलिमीटरची. हिला झडप नाही, म्हणून विरघळणाऱ्या दोऱ्यानं बांधून ठेवतात. 5-6 आठवड्यांनी दोरा विरघळला की ती चालू होते. तोवर दाबाचे थेंब थांबवायचे नाहीत.

[दृश्य : वॉर्ड, डोळ्यावर शील्ड]

स्टेरॉइडचे थेंब, 4 ते 6 आठवड्यांनी पुन्हा भूल देऊन तपासणी, चष्मा, आळशी डोळ्यासाठी पट्टी, आणि तपासण्या आयुष्यभर. दाब पुन्हा वाढतो तो न सांगता, आणि गेलेली नजर परत येत नाही.

[दृश्य : ओपीडी, आईच्या कडेवरचं दुसरं मूल]

पुष्कळ बाळांत हा आजार आई आणि वडील दोघांकडून आलेल्या सदोष जनुकामुळे होतो. नात्यातल्या लग्नात तशी शक्यता वाढते. अशा घरात पुढच्या प्रत्येक गरोदरपणात 4 पैकी 1 शक्यता धरावी आणि नव्या बाळाचा डोळा पहिल्याच आठवड्यात तपासून घ्यावा, टपोरा असो वा नसो.