ग्राइम : १४० च्या लयीतलं पूर्व लंडन

[दृश्य : संध्याकाळ. बो भागातले उंच टॉवर, मागे कॅनरी वॉर्फचे दिवे.]

हे पूर्व लंडनमधलं बो. पोस्टाच्या भाषेत ई-थ्री. सरकारी वसाहतीच्या खिडक्यांतून समोर बँकांचे मनोरे दिसतात. २००२ च्या आसपास ग्राइम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ठेक्यावरचं वेगवान रॅप-संगीत, आकाराला आलं ते अशाच वसाहतींमध्ये. मुलं बहुतेक कॅरिबियन आणि आफ्रिकी कुटुंबांतली. घरात जमैकाचं डान्सहॉल ऐकलेलं, रेडिओवर जंगल आणि गॅराज, ही लंडनमधली नाचाची संगीतं. पण गॅराजच्या क्लबांना तोवर चांगले शर्ट आणि चकचकीत बूट लागत होते. ट्रॅकसूटवाल्यांना दारातूनच परत पाठवत.

उरला पायरेट रेडिओ, म्हणजे विनापरवाना एफएम. १९९४ पासून चालणाऱ्या रिन्स एफएमला परवाना मिळाला थेट २०१० मध्ये. अशा स्टेशनांचा ट्रान्समीटर टॉवरच्या गच्चीवर, स्टुडिओ दुसऱ्याच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये, आणि मधे बिनतारी जोड. गच्चीवर छापा पडला तर ट्रान्समीटर जायचा, स्टुडिओ वाचायचा.

[दृश्य : संगणकाचा पडदा, फ्रुटीलूप्स सुरू होतं.]

लय मिनिटाला १४० ठोके. फ्रुटीलूप्स, म्हणजे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर, उघडलं की आकडा आधीपासून १४० वरच असायचा. स्नेअर, म्हणजे ड्रमचा कडक आवाज, चार ठोक्यांच्या बारमध्ये तिसऱ्या ठोक्यावर ठेवला की तीच लय ७० ची वाटते. म्हणून एमसी, म्हणजे माइकवरचा रॅपर, हवा तेव्हा धावतो, हवा तेव्हा रेंगाळतो. बेससाठी, म्हणजे खालच्या जाड सुरासाठी, स्क्वेअर वेव्ह, चौकोनी आकाराची ध्वनिलहर. ग्राइम कलाकार वायलीच्या 'एस्किमो' या ट्रॅकमध्ये तिचा घसरत जाणारा, पोकळ, थंडगार आवाज ऐका. तो कॉर्ग ट्रायटन या कीबोर्डचा. उपस्वर नसलेल्या शुद्ध साइन वेव्हचा ५० हर्ट्झचा बेस छोट्या रेडिओवर पोचतच नाही. स्क्वेअर वेव्हमध्ये १५० आणि २५० हर्ट्झचे उपस्वरही असतात, ते पोचतात. खालच्या आणि वरच्या सुरांमधली जागा मात्र रिकामी सोडायची. नवखा माणूस तिथे सिंथचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचे, सूर भरतो आणि एमसीची व्यंजनं बुडतात. ग्राइमचा उघडेबोडकेपणा हा उणेपणा नाही, ती शब्दांसाठी राखलेली जागा आहे.

यंगस्टार या निर्मात्याच्या 'पल्स एक्स' या ट्रॅकने २००२ मध्ये साचा दिला : आठ बार एक ठेका, पुढचे आठ बार दुसरा. चार ठोक्यांचा एक बार, म्हणजे आठ बार जेमतेम १४ सेकंदांत संपतात. तेवढ्यात बोलायचं आणि माइक पुढच्याच्या हातात. अर्धा बार उशीर झाला तर त्याची पहिली ओळ गेली. माइकची जाळी मुठीत आवळली तर आवाज गढूळ होतो, स्पीकरमधून शिट्टी सुटते. ओळ बसली की खोली ओरडते, डीजे रेकॉर्ड उलटी फिरवून गाणं पहिल्यापासून लावतो. हा रीलोड. एमसीला याहून मोठी दाद नाही.

[दृश्य : तळघर, मार्करने लिहिलेल्या भिंती.]

कॅमेराही याच गर्दीत शिरला. २००४ ची 'लॉर्ड ऑफ द माइक्स' ही डीव्हीडी एमसी जॅमरच्या घरातल्या तळघरात चित्रित झाली. दोन एमसी समोरासमोर, भोवती मित्रांचं कडं. २००३ मध्ये आलेल्या 'चॅनल यू' या टीव्ही वाहिनीवर असेच स्वस्तातले व्हिडिओ लागायचे : हातातला कॅमेरा, जिना, गच्ची, रात्रीचे नारिंगी दिवे. फिशआय, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या, लेन्समुळे हातभर अंतरावरून एमसीसह मागचे दहाजण चौकटीत मावतात. फक्त कडेचे चेहरे ताणले जातात, म्हणून एमसी मधोमध हवा. हूडी, ट्रॅकसूट, पायात नाइकीचे एअर मॅक्स ९५ बूट, ज्यांना तिथे तेव्हाच्या किमतीवरून 'वन-टेन' (एकशे दहा) म्हणतात. हे वेशभूषाकाराने दिलेले कपडे नव्हते.

२००५ पासून लंडन पोलिसांच्या फॉर्म ६९६ ने, म्हणजे कार्यक्रमाआधी भरायच्या माहितीपत्रकाने, कार्यक्रमांची वाट अडवली. सुरुवातीला त्यात प्रेक्षक कोणत्या वंशाचे, हेही विचारलेलं होतं. फॉर्मचा अन्याय २०१७ मध्ये थांबला.

[दृश्य : माइकवरचा हात, जवळून.]

२०१४ मध्ये एमसी स्केप्टाने 'दॅट्स नॉट मी'चा व्हिडिओ त्याच जुन्या पद्धतीने केला. खर्च ८० पौंड. ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय संगीताच्या मोबो पुरस्कारांत तो त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट व्हिडिओ ठरला.