सॅटेलाइटवरची जमीन मोजणी: दोन सेंटिमीटर येतात कुठून?

सर्व्हेअरच्या हातातल्या पोलवर जो रिसीव्हर बसवलाय ना, तो रोव्हर. पोलचं टोक हद्दीच्या दगडावर टेकलंय, पोल सरळ उभा असल्याचं दाखवणारा बबल मधोमध आलाय, पण कंट्रोलरच्या स्क्रीनवर अजून ‘फ्लोट’च दिसतंय. म्हणजे पॉइंट घ्यायचा नाही, थांबायचं.

आता सॅटेलाइट तर आपल्या मोबाइललाही तेच दिसतात, मग मोबाइल चार-पाच मीटर इकडंतिकडं दाखवतो आणि हा रोव्हर दोन सेंटिमीटरवर कसा येतो? मशीन महागडं म्हणून, असं बऱ्याच जणांना वाटतं. तेवढंच नाहीये ते. अर्धं काम लांब कुठल्यातरी गच्चीवर कायमचा बसवलेला एक अँटेना करत असतो.

जीपीएसचे सॅटेलाइट साधारण २०,२०० किलोमीटर वर, तिथून सिग्नल येताना आयनोस्फियरमध्ये रेंगाळतो, खाली हवेतल्या बाष्पात अजून थोडा, शिवाय सॅटेलाइटच्या कक्षेत आणि घड्याळात बारीक चुका असतातच. पण त्या अँटेनाची जागा आधीच पक्की मोजून ठेवलेली, त्यामुळे सिग्नल किती फसवतोय ते तिथं सेकंदासेकंदाला कळतं. तेवढी चूक वजा करायची दुरुस्ती, म्हणजे करेक्शन, मग रोव्हरला मिळते. अशा कायम चालू असलेल्या स्टेशनला कॉर्स (CORS) म्हणतात.

असं एकच स्टेशन, म्हणजे एकच बेस असेल तर १०-२० किलोमीटरच्या पुढं त्याचं करेक्शन ढिलं पडायला लागतं, कारण तुमच्या डोक्यावरची हवा वेगळी आणि त्याच्या वेगळी. म्हणून नेटवर्क. स्टेशनं साधारण ५०-७० किलोमीटरवर असली तरी चालतं, सगळ्यांचा डेटा एका सर्व्हरवर जातो, रोव्हर सिमच्या इंटरनेटवरून आपली अंदाजे जागा कळवतो आणि सर्व्हर त्याच्या शेजारीच एक काल्पनिक बेस उभा करून त्याचं करेक्शन पाठवतो. याला व्हीआरएस, म्हणजे व्हर्च्युअल रेफरन्स स्टेशन म्हणतात, आणि खरं सांगायचं तर डोकं कुणी लावलं असेल तर इथं.

मग रोव्हर लाटा मोजतो. जीपीएसच्या एल-१ नावाच्या सिग्नलची लाट १९ सेंटिमीटरची, सॅटेलाइटपर्यंत अशा पूर्ण लाटा नेमक्या किती, हा आकडा सुटला की ‘फ्लोट’चं ‘फिक्स’ होतं. बघा, झालं.

पण फिक्स दिसलं म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नका. भिंतीजवळ, झाडाखाली सिग्नल आपटून येतो आणि चुकीचं फिक्सही लागतं, तेव्हा महत्त्वाचा पॉइंट असेल तर फिक्स तोडून थोड्या वेळानं परत घ्यायचा. आणि बबल! दोन मीटरचा पोल एक अंश जरी कलला तरी साडेतीन सेंटिमीटर गेले, तिथं नेटवर्क काय करणार.

उंचीचं अजून वेगळंच. रिसीव्हर देतो ती एलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या गणितातल्या गुळगुळीत आकारावरची उंची, समुद्रसपाटीपासूनची नाही, दोन्हीत कित्येक मीटरचा फरक पडू शकतो. त्यासाठी कंट्रोलरमध्ये जिऑइड मॉडेल, म्हणजे कुठं हा फरक किती ते सांगणारी फाइल टाकावी लागते, आणि ती टाकायची राहिली असेल तर जवळच्या जुन्या बेंचमार्कवर, म्हणजे उंची आधीच मोजून ठेवलेल्या खुणेवर पोल ठेवल्याबरोबर कळतं.