मुरगावला उतरलेल्या पाहुण्याला गोवा कसा दाखवावा
(वास्को येथे पर्यटक मार्गदर्शकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आज येथे बसलेल्यांपैकी बहुतेक जण ऑक्टोबर ते मे या हंगामात मुरगाव बंदरावर जहाजाची वाट पाहत उभे असतात. म्हणून मी थेट वेळेच्या हिशेबापासून सुरुवात करतो, कारण आपल्या कामातल्या चुकांचे मूळ मला तेथेच दिसते.

आलिशान यॉट किंवा लहान क्रूझ जहाज सकाळी धक्क्याला लागते आणि बहुधा त्याच संध्याकाळी सुटते. इमिग्रेशनचे सोपस्कार, बंदराच्या फाटकावरची तपासणी आणि बसमध्ये बसवण्याची गडबड यांत सकाळचा तास-दीड तास जातो, तर सुटण्याच्या वेळेआधी सर्वांनी जहाजावर परतलेले असावे लागते. जुने गोवे किंवा फोंडा गाठायला जाताना आणि येताना रहदारीप्रमाणे तासभर धरला, त्यातून जेवण, स्वच्छतागृह आणि वयस्कर पाहुण्यांची सावकाश चाल वजा केली, तर प्रत्यक्ष पाहण्यासाठी तीन तास, फार तर साडेतीन तास उरतात. या तीन तासांत जुने गोवे, मंगेशी, मसाल्याची बाग, पणजीतली फोंतेन ही जुनी वस्ती आणि वर एखादा समुद्रकिनारा बसवण्याचा जो आपला परिपाठ झाला आहे, तो पाहुण्यांवरही अन्याय करतो आणि गोव्यावरही. दूधसागरचा हट्ट कोणी धरला, तर जहाज सुटण्याची वेळ सांगून स्पष्ट नकार द्यावा.

अशा जहाजांवरचे पाहुणे कोण असतात, याचाही विचार करायला हवा. त्यांतले पुष्कळ जण निवृत्त, वाचलेले आणि जग पाहिलेले असतात. याच प्रवासात त्यांनी मुंबई पाहिलेली असते, पुढे मंगळूर आणि कोची पाहायचे असते. देऊळ, मसाला आणि बाजार या तीन गोष्टी त्यांना प्रत्येक बंदरात दाखवल्या जातात. मिरी त्यांना कोचीत मट्टांचेरीच्या गल्ल्यांत हुंगायला मिळणारच आहे. मग गोव्यातच कळेल असे त्यांना काय द्यायचे? माझे उत्तर असे आहे की स्थळांची संख्या कमी करावी आणि रस्त्यालाच सहलीचा मुख्य विषय करावे. मुरगावहून निघणारा रस्ता हा गोव्याच्या इतिहासाचाच रस्ता आहे, आणि आपण मात्र त्या वाटेवर पाहुण्यांना पाण्याच्या बाटल्या वाटत असतो.

बंदर सोडल्यावर बस कुठ्ठाळीला येते. आज मंगेशीला असलेल्या श्रीमंगेशाचे मूळ देऊळ येथे होते. सोळाव्या शतकात, १५६० च्या सुमारास, पोर्तुगीज सत्तेने या भागातली देवळे मोडायला सुरुवात केली तेव्हा भक्तांनी देव उचलला आणि जुवारी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात नेला. तो मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. जहाजाने येणारा पाहुणा नव्या केबल-पुलावरून तीच नदी काही मिनिटांत पार करतो. हे त्याला पुलावर चढण्यापूर्वी सांगितले, तर दोन तासांनी मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभासमोर उभे राहिल्यावर त्याला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

पूल उतरल्यावर आगशी लागते आणि थोड्याच अंतरावर गोवा वेल्हा. कदंब राजांचे गोपकपट्टण हे बंदर याच काठावर होते. येथे पाहण्यासारखी मोठी इमारत नाही, म्हणून बस थांबवण्याची गरज नाही, पण चालत्या बसमध्ये दोन मिनिटे बोलण्याची गरज नक्की आहे. आल्फोंस द आल्बुकेर्कने १५१० साली गोवा घेतला, त्याच्या कितीतरी आधी येथे जहाजे येत होती, हे समुद्रमार्गे आलेल्या माणसाला सांगायचे नाही तर कोणाला?

जुन्या गोव्यात मी दोनच गोष्टी दाखवीन: बॉम जेझूसची बासिलिका आणि सांत आगुस्तीन चर्चचे भग्नावशेष. बासिलिकेचे काम १५९४ साली सुरू झाले आणि १६०५ साली ती पूर्ण झाली. १९८६ साली गोव्याच्या चर्चेसना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत ती आहे. तिचा उघडा जांभा पाहून पाहुणे तिला मुळातच तशी समजतात आणि आपल्यातले काही जण तसेच सांगतात. वास्तविक तिच्या बाहेरच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यात तो काढला गेला आणि तेव्हापासून जांभा आपल्या पावसाचा मारा खात आहे. ज्याने युरोपातली जुनी दगडी चर्चेस पाहिली आहेत, त्याला हा प्रश्न लगेच कळतो आणि तो मनापासून ऐकतो. आत सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेला आहे, आणि त्यावरची चांदीची पेटी गोव्यातल्या कारागिरांनी घडवलेली आहे. त्या कारागिरांचा उल्लेख केल्याशिवाय तेथून कोणीही हलू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते, तेव्हा आधी सांत आगुस्तीनकडे जावे. तेथील शेहेचाळीस मीटर उंचीच्या मनोऱ्याचा उरलेला भाग पाहताना वैभवाइतकाच ऱ्हासही दिसतो, आणि साथीच्या रोगांनी ओस पडत गेलेल्या या शहराऐवजी १८४३ साली पणजी राजधानी झाली, ही गोष्ट तेथे सांगणे सर्वांत सोपे जाते.

पुढे बाणस्तारीचा पूल येतो. या पाण्यापलीकडचा फोंडा महाल १७६३ पर्यंत पोर्तुगीजांकडे नव्हता, आणि देव इकडे का आणले याचे उत्तर येथे प्रत्यक्ष दिसते. देवळात जाताना मात्र एक पथ्य पाळावे. पोशाखाचे आणि परदेशी पाहुण्यांच्या प्रवेशाचे नियम प्रत्येक देवस्थानाचे वेगळे असतात. ते आदल्या दिवशी विचारून घ्यावेत आणि जे सांगितले जाईल ते तक्रार न करता मानावे. देऊळ हे प्रथम भक्तांचे आहे. प्रांगण, तळी आणि दीपस्तंभ एवढे पाहिले तरी पाहुण्याला पुष्कळ मिळते. दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणे वयस्कर माणसाला सोसत नाही, म्हणून जाड मोजे जवळ ठेवायला सांगावे.

आता कुळागर, म्हणजे ज्याला आपण पाहुण्यांसमोर मसाल्याची बाग म्हणतो ते. येथे जेवण असते, म्हणून बहुतेक मार्गदर्शक या ठिकाणी हात सैल सोडतात, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. वेलदोडा, दालचिनी आणि जायफळ ओळखीला दाखवून फेरी संपते. पण कुळागर ही मसाल्याची बाग नव्हे, ती पाण्याची व्यवस्था आहे. डोंगराच्या कुशीतला झरा पाटाने खाली आणायचा, उंच पोफळीच्या सावलीत केळ लावायची, पोफळीवरच मिरवेल आणि पानवेल चढवायची, खाली अननस आणि हळद, आणि पडलेला पालापाचोळा तेथेच कुजू द्यायचा. पाहुण्यांना आधी झऱ्यापाशी न्यावे, मग पाटाच्या काठाने खाली यावे. जेवणाआधीची ती वीस मिनिटे सबंध सहलीतली सर्वांत मोलाची ठरू शकतात. अननस, काजू आणि मिरची ही पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडून आली, हेही येथेच सांगावे, म्हणजे सकाळी ऐकलेली मोडतोडीची कथा एकांगी राहत नाही.

बाग केरीच्या बाजूची असेल तर आणखी एक गोष्ट सांगावी. सूरश्री केसरबाई केरकर यांचा जन्म १८९२ साली केरीत झाला. १९७७ साली अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्ण तबकडीत त्यांनी गायिलेली भैरवी आहे. अमेरिकन पाहुण्यांना व्हॉयेजर ठाऊक असते, केसरबाई ठाऊक नसतात.

परतीचा रस्ता बोरीच्या पुलावरून घ्यावा, म्हणजे जुवारी दुसऱ्यांदा आणि दुसऱ्या जागी ओलांडली जाते. रहदारीसाठी पाऊण तास राखून ठेवावा आणि तो वाटेतल्या दुकानांना देऊ नये. पणजीची वेगळी सहल ठेवावी, लहान गटांची आणि पायी. फोंतेनमधल्या घरांत माणसे राहतात. चाळीस जणांचा जमाव त्यांच्या खिडक्यांसमोर फोटो काढत उभा करणे योग्य नाही.

हे सगळे पाहुणे उतरल्यानंतर ठरवता येत नाही. सहलीची निवड ते जहाजावर, पुष्कळदा घरून निघण्यापूर्वीच करतात, आणि ती माहिती गोवा न पाहिलेल्या कोणीतरी लिहिलेली असते. चालणे किती, पायऱ्या किती, बूट कोठे काढावे लागतील, देवळात कोठपर्यंत जाता येईल, हे आपण स्वतः लिहून जहाज कंपन्यांच्या स्थानिक एजंटांकडे पावसाळ्यातच पोहोचवले पाहिजे. मसुद्याचे काम आजच वाटून घेऊ. कुळागराचा आणि देवस्थानांचा भाग मी लिहून देतो.