शेळी कुंपणातून निसटते कुठून?

श्रोतेहो, नमस्कार.

घरच्या आवारात दहाएक शेळ्या पाळणाऱ्याची मोठी काळजी म्हणजे सुटलेली शेळी. शेजारच्या तुरीत तिनं तोंड घातलं की भांडण ठरलेलं. शिवाय ज्वारी-मक्याच्या दाण्यावर ताव मारला तर पोटात आम्ल वाढून ती दगावूही शकते. म्हणून आज कुंपणाविषयी बोलू.

दहा शेळ्यांना २० बाय १२ फुटांचं मोकळं आवार पुरतं. २० फुटांची एक बाजू गोठ्याला लागून ठेवली, तर ४४ फूटच कुंपण घालावं लागतं. खांब ७ फुटी घ्या, त्यातले २ फूट जमिनीत गाडा. दोन खांबांत ८ फुटांपेक्षा जास्त अंतर नको. लाकडी खांबाच्या गाडायच्या भागाला डांबर फासा, नाहीतर वाळवी लागते.

काटेरी तारेवर भिस्त ठेवू नका. दोन तारांमधून शेळी अंग चोरून निघते आणि कास फाटून घेते. त्यापेक्षा ५ फूट उंचीची, २ ते ३ इंच घराची जाळी बरी. ६ इंचांच्या घरात डोकं सहज जातं, पण मागे वळलेली शिंगं अडकतात. जाळी खांबांच्या आतल्या बाजूनं बांधा, म्हणजे शेळ्यांनी पाय टेकले तरी जोर खांबावर येतो, बांधलेल्या तारेवर नाही. वर, मध्ये आणि खाली एकेक ताण-तार ओढा. पुष्कळांचं लक्ष उंचीकडेच असतं. आमच्या मते आधी तळ बघावा. जाळी जमिनीला टेकलेली हवी, खालून दगडांची ओळ हवी. पावसात माती वाहून गेली की तिथं घळ पडते आणि करडं पहिली बाहेर जातात. दर मोठ्या पावसानंतर एक फेरी माराच.

कोपऱ्याच्या खांबाला तिरपा टेकू देतात, तो बाहेरून द्या. आतून दिला तर शेळ्या त्यावरूनच चढतात. गव्हाण, दगड, चाऱ्याची गंजी कुंपणापासून निदान ५ फूट लांब ठेवा.

आता फाटक. कडी आत असली तर शेळी ओठांनी, जिभेनं ती खेळवत राहते आणि एक दिवस उघडते. कडी बाहेरून लावा, तिच्यात खिटी अडकवा. फाटक आत उघडणारं असावं. आतून ढकललं तर ते घट्टच बसतं.

उपाशी शेळीला मात्र कुठलंच कुंपण पुरत नाही. मोठ्या शेळीला रोज ३ ते ४ किलो हिरवा आणि किलोभर कोरडा चारा लागतो. शेवरी, हादगा, सुबाभळीचे डहाळे टांगून ठेवले तर ती ओरबाडत गुंतून राहते. माज दर १८ ते २१ दिवसांनी येतो. त्या दिवशी शेळी बोकडाकडे धाव घेते, म्हणून तिला गोठ्यात कोंडा.

घरातली वीज थेट तारेत कधीही सोडू नका. माणूस जागीच मरतो, आणि तो गुन्हा आहे. तारेत क्षणभराचे, जीव न घेणारे झटके सोडणारं झटका मशीनच वापरा. तारेला गवत टेकलं की झटका मंदावतो, तेव्हा खालचं गवत कापत राहा.

एखादी खोडकर शेळी चरायला नेताना कुंपणातून घुसतेच. तिच्या गळ्यात हलका लाकडी त्रिकोण बांधा. गोठ्यात आणल्यावर तो लगेच काढा. कुठं अडकला तर फास बसतो.