जुन्या माउंटन बाइकचं हँडल आणि स्टेम

नमस्कार. नव्वद सालच्या आसपासची माउंटन बाइक कुणाच्या हाती लागली, की तो टायर बदलतो, रंगाचं बघतो आणि तिसऱ्या दिवशी 780 मिलिमीटरचं रुंद हँडल आणि दोन बोटं लांबीचं स्टेम (म्हणजे हँडल चिमट्याला जोडणारा तुकडा) मागवून मोकळा होतो. हल्ली सगळ्यांच्या सायकलला तसंच असतं ना! माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की तसं करू नका. मात्र 1992 च्या कॅटलॉगात होतं म्हणून तेच लांबलचक स्टेम आणि काठीसारखं आखूड हँडल जपत बसा, असंही मी सांगणार नाही.

त्या काळच्या फ्रेमची हेड ट्यूब, म्हणजे चिमटा जिच्यातून वर येतो ती पुढची नळी, साधारण 71 अंशात उभी असायची. वरची नळी आजच्या मानाने आखूड. मग स्वाराला पुढे ओणवं करायचं काम स्टेमकडे यायचं, म्हणून ते 120 ते 150 मिलिमीटर लांब. हँडल 560 ते 580 मिलिमीटर. आजच्या फ्रेमचा पुढचा भागच लांब आणि हेड ट्यूब खूप कललेली असते, म्हणून तिथे 40-50 मिलिमीटरचं स्टेम शोभतं. तेच जुन्या फ्रेमवर चढवलं तर तुमचं वजन मागे सरकतं. आपल्या पुण्यातल्या वेताळ टेकडीचा मुरमाड चढ डोळ्यांसमोर आणा. पुढचं चाक हलकं होतं, सुट्या दगडांवर भरकटतं, आणि तुम्ही पायांऐवजी हातांनी सायकल चढवायला लागता. गुडघेही हँडलच्या फार जवळ येतात.

माझ्या मते अशा फ्रेमला 90 ते 110 मिलिमीटरचं, थोडं वर उचललेलं स्टेम आणि 620 ते 660 मिलिमीटरचं हँडल बसतं. दोघांचा विचार एकत्रच करायचा. हँडल रुंद झालं की हात फाकतात आणि खांदे आपोआप पुढे ओढले जातात. म्हणून ढोबळ हिशेब असा, की हँडल 20 मिलिमीटरनी वाढवलं तर स्टेम 10 मिलिमीटरनी कमी करा. पुढे आपापल्या पाठीला विचारा. पानशेतपर्यंत जाऊन यायचं असेल, तर पहिल्या तासात छान वाटलेली बैठक तिसऱ्या तासाला काय म्हणते ते महत्त्वाचं.

‘पण मग ती रेट्रो कशी राहील?’ हा प्रश्न येणारच, पुण्यात आहोत. अहो, रेट्रो म्हणजे नेमकं कोणतं साल? सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही हौशी मंडळी श्विन कंपनीच्या जुन्या सायकली घेऊन डोंगर उतरायची, तेव्हा हँडलं रुंदच होती, आणि काहींवर ब्रेकच्या मुठी मोटारसायकलच्या. पुढे टॉम रिची या सायकली बांधणाऱ्याचं बुलमूस आलं. त्यात हँडल आणि दोन पायांचं स्टेम एकत्रच जोडलेलं, तेही चांगलं रुंद. आखूड हँडल आलं ते नंतर, शर्यतींच्या जोरावर. आणि 1990 मध्ये ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तिथे जॉन टोमॅक हा शर्यतपटू यती कंपनीच्या सायकलला चक्क रोड बाइकचं वाकडं हँडल लावून उतरला होता. तो त्या वेळी रोडच्या शर्यतीही करत होता, त्याला तीच बैठक हवी होती. तेव्हा 640 च्या हँडलवरून कुणी नाक मुरडलं, तर खुशाल मुरडू द्या.

आता मापं. खरी फसगत इथेच होते, म्हणून जरा सावकाश घेतो. या सायकलींना बहुधा क्विल स्टेम असतं, म्हणजे चिमट्याच्या नळीच्या आत उतरणारं. चिमट्याची नळी बाहेरून एक इंची, म्हणजे 25.4 मिलिमीटर असेल, तर क्विल 22.2 चं. नळी सव्वा नव्हे, एक पूर्णांक एक अष्टमांश इंची असेल, म्हणजे 28.6, तर क्विल 25.4 चं. आणि हँडल जिथे पकडतात तिथलं मापसुद्धा 25.4 च! मुठीकडचं टोक पुन्हा 22.2. म्हणजे दुकानात जाऊन ‘25.4 चं स्टेम द्या’ म्हटलंत, तर समोरचा काय देईल ते त्याचं त्याला ठाऊक. कुठलं माप कुठलं, ते कागदावर लिहून न्या. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी स्टेमं दिसतात, त्यातली काही 21.1 ची निघतात. ती 22.2 च्या जागी सहज उतरतात आणि आवळल्यावर घट्टही वाटतात. पण एक मिलिमीटरचा तो फरक खड्ड्यात कळतो. नळीची जाडी मोजायचा साधा व्हर्नियर खिशात ठेवा.

त्या काळच्या रोड बाइकची हँडलं पकडीच्या जागी बहुधा 26 मिलिमीटरची असतात, काही जुनी इटालियन 26.4 ची. ती 25.4 च्या स्टेममध्ये कानस मारून बसवायची नाहीत.

जुनी स्टेमं बहुतेक एका बोल्टची, पुढून न उघडणारी. त्यातून हँडल सरकवूनच घालावं लागतं. वर उचललेलं, दोन ठिकाणी वाकवलेलं हँडल त्यातून जातच नाही, हे मागवण्याआधी लक्षात घ्या. सरळ हँडलही मधल्या जाड भागाशी अडतं आणि लोक ते पिळून-पिळून चरे पाडतात. त्याऐवजी बोल्ट काढा, आटे असलेल्या बाजूने उलटा फिरवा आणि फटीत एक रुपयाचं नाणं धरा. बोल्ट नाण्यावर टेकला की फट केसभर उघडते. केसभरच हं, ॲल्युमिनियम आहे ते. हँडल अलगद आत जातं.

स्टेम बदलताना पुढच्या ब्रेकची वायर विसरू नका. कँटिलिव्हर ब्रेक (चाकाच्या दोन्ही बाजूंचे हात मधोमध वरून एका वायरने ओढले जातात तो) असेल तर अनेक स्टेमांतच वायरसाठी भोक किंवा छोटी पुली असते. नवीन स्टेमला ती नसली, तर हेडसेटवर, म्हणजे हेड ट्यूबच्या बेअरिंगवर, वायर अडकवायला वेगळा हँगर लावावा लागतो.

आपल्या पावसाळ्यात वर्षानुवर्षं ग्रीसविना राहिलेलं ॲल्युमिनियमचं क्विल लोखंडी नळीत धरून बसतं. वरचा बोल्ट तीन-चार आटे सैल करा, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी मारा, म्हणजे क्विलला आतून आवळून धरणारी खालची पाचर सुटते. तरीही हललं नाही तर गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा. चाक गुडघ्यांत धरून जिवाच्या आकांताने पिळू नका, चिमटा वाकतो. परत बसवताना ग्रीस लावायचं, आणि क्विलवरची कमाल उंचीची रेघ नळीच्या आत गेलीच पाहिजे.

तीस वर्षांची हलकी ॲल्युमिनियमची हँडलं मी भिंतीवर टांगा म्हणेन. हा धातू थकत जातो आणि तुटण्याआधी फारसं सांगत नाही. स्टेमच्या कडेला गोल चरा दिसला तर चर्चाच नको. लोखंडी हँडल आतून गंजलेलं नसेल तर बिनधास्त वापरा.

क्विलच्या जागी ॲडॅप्टर घालून वर आधुनिक स्टेम लावता येतं. दिसायला ओबडधोबड, मला आवडत नाही. पण दोन-तीन लांबींची स्टेमं मित्रांकडून मागून घेऊन बघायची असतील, तर त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. लांबी ठरली की त्याच लांबीचं चांगलं क्विल घ्या. जपानची निट्टो कंपनी आजही बनवते. तसंच हँडल कापण्याआधी मुठी आणि ब्रेक एकेक सेंटिमीटर आत सरकवून आठवडाभर चालवा, करवत नंतर.

मघाशी एका काकांनी विचारलं, हे सगळं हीरो रेंजरला चालेल का? चालेल की, फक्त मापं माझ्यावर विसंबून घेऊ नका, तुमच्याच सायकलची घ्या. बाहेर लावली आहे ना? चहा झाला की आणा, व्हर्नियर इथेच आहे.