पाणी गेलं, कळा नाहीत

(दृश्य: खानापूर तालुका, जांबोटी-कणकुंबी रस्ता, धो धो पाऊस)

मलप्रभेचा उगम ही कणकुंबी. इथून बेळगाव गाठायचं म्हणजे सगळा रानातला रस्ता. सातवा महिना लागलेली बाई पहाटे उठते, तर परकर भिजलेला. लघवीच झाली असेल, असं तिला वाटतं. सासूबाई म्हणतात, "कळा नाहीत ना? मग उजाडल्यावर बघू."

हे थांबणंच जिवावर बेततं. पाणमोट, म्हणजे पोटात बाळाभोवती असलेली पाण्याची पिशवी, फुटली की जंतूंना आत जायला वाट मिळते. कळा येवोत न येवोत, त्याच वेळी निघायला हवं.

पाणमोट वेळेआधी का फुटते? पोटात जुळं असतं, पाणी जास्त असतं, मागच्या खेपेलाही तसंच झालेलं असतं. पण सर्वांत जास्त अंगावर काढला जातो तो जंतुसंसर्ग. लघवीला जळजळ होते, अंगावरून वास येणारं पांढरं जातं. हे आशाताईंनी दोनदा विचारल्यावर कुठे तोंडातून निघतं, तेही नवरा उठून बाहेर गेल्यावर. खरं तर औषधानं बरं होणारं दुखणं आहे हे.

(दृश्य: निपाणी, तंबाखूची वखार)

निपाणीकडे तंबाखूचा विषय टाळून चालणार नाही. धूम्रपानानं पाणमोट लवकर फुटण्याचा धोका वाढतो. मिश्री ओढायची नसते म्हणून ती निरुपद्रवी वाटते, पण तीही तंबाखूच. मिश्री लावणाऱ्या आयांची बाळं कमी वजनाची भरतात.

(दृश्य: प्रसूती कक्ष)

"पाणी किती वाजता गेलं? रंग कसा होता?" सिस्टर आधी हेच विचारतात. हिरवट असेल, तर बाळानं पोटातच शी केलेली असते. आतून तपासणी वारंवार करत नाहीत, त्यानंही जंतू आत जातात.

दिवस 34 आठवड्यांच्या आत असतील, तर अँटिबायोटिक सुरू होतं आणि डेक्सामेथासोन दिलं जातं: 6 मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं, दर 12 तासांनी. त्यानं बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. लवकर बाळंत होण्याचा धोका असलेल्या 2852 गर्भवतींवर पाच देशांत याचा अभ्यास झाला, बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजही त्यात होतं. 2020 मध्ये निष्कर्ष आले: इंजेक्शन मिळालेल्या गटात दर शंभर बाळांमागे जवळपास चार मृत्यू कमी. पण इंजेक्शन लागू पडायला वेळ हवा, आणि तो घरीच गेलेला असतो.

पाणी जाऊन 18 तास उलटले की बाळाला जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. अशा बाळानं दूध ओढायचं सोडलं, अंग गार लागलं, किंवा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त झाला, तर रात्र असली तरी 108 ला फोन करा.