अंदाजाने वाचू नका, काका

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेतील व्याख्यान, थोडे संपादित करून)

नमस्कार मंडळी. फळ्यावर विषय लिहिलाय, 'निवृत्तीनंतर मन तरुण कसे ठेवावे'. त्यावर बोलणारच आहे, पण आधी एका पत्र्याच्या ट्रंकेपासून सुरुवात करतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं नीट पोचणार नाही.

आमच्या गावच्या घरी माळ्यावर एक ट्रंक होती. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या माळ्यावर असेल. तिच्यात फडक्यात बांधलेले, मोडी या जुन्या मराठी लिपीतले कागद. आजोबांना मोडी यायची, त्यांच्या वेळी शाळेत शिकवायचे. वडिलांना थोडी यायची. मला अजिबात नाही. चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि घरातलेच कागद मला परके! निवृत्त झाल्यावर म्हटलं, शिकू या. घरचे म्हणाले, "कशाला त्रास? वाचून देणारे असतात की, पैसे देऊ." प्रेमानेच म्हणाले. पण मला त्या वाक्याचा फार राग आला. अजूनही येतो.

मोडीचा वर्ग दहा दिवसांचा होता. शिकवणारी मुलगी चोवीस वर्षांची. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला काका. पहिल्या दिवशी तिने नुसत्या रेघा ओढायला लावल्या. मोडीत आधी कागदभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची, हात शक्यतो न उचलता. शब्द तोडायचे नाहीत. ओळ कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्यानेच शोधायचं. वेलांटी एकच, उकारही एकच. (मागे कुणीतरी हसलं. शुद्धलेखनाचे मास्तर दिसतात!) आणि तारखा! आकडे अरबी शब्दांत, 'मया' म्हणजे शंभर, 'अलफ' म्हणजे हजार. या कागदांत वर्ष शुहूर सनाचं, म्हणजे जुन्या कालगणनेचं, असतं; त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. कोणता आकडा मिळवायचा ते मृगाच्या आधीचा कागद की नंतरचा, यावर ठरतं, कारण ते वर्ष मृगाला बदलतं. शेतकऱ्याचं वर्ष! मला हे इतकं आवडलं की त्या रात्री झोप आली नाही.

चार-पाच महिन्यांनी मी आमचा एक कागद घेऊन मॅडमकडे गेलो. विहिरीचा कागद. आमच्या घरात तीन पिढ्या सांगतात की विहीर आमची, आणि आमच्या पणजोबांनी शेजाऱ्यांना उपकार म्हणून आठवड्यातून दोन दिवस पाणी दिलं. मी तसंच वाचून दाखवलं, भरभर: "दोन रोज पाणी द्यावे." तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही अंदाजाने वाचताय. अक्षर वाचा."

पुन्हा वाचलं. अक्षर स्वच्छ होतं. 'घ्यावे'. विहीर शेजाऱ्यांची. दोन दिवस पाणी घ्यायचा हक्क आमचा.

मंडळी, मी तिथे किती वेळ बसून राहिलो ते सांगता येत नाही. नंतर गावी गेलो, शेजारच्या आजींना कागद दाखवला. नव्वदीच्या आहेत. म्हणाल्या, "आम्हाला ठाऊक होतं, मास्तर. बोललो नाही इतकंच."

(चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली म्हणतात. बरं.)

तर मला सांगायचंय ते एवढंच. वय झालं म्हणजे आपण अंदाजाने वाचायला लागतो. माणसं, बातम्या, नातवंडं, सगळंच. अनुभव आहे ना, पुढचा शब्द कोणता येणार ते आपल्याला आधीच माहीत असतं! लहान मूल अक्षर लावत वाचतं, कारण त्याला दुसरा उपायच नसतो. नवी गोष्ट शिकायला घेतली की आपल्यालाही दुसरा उपाय उरत नाही.

म्हणून सहली, भजनं, हास्यक्लब सगळं चांगलं आहे, मी स्वतः जातो. पण त्यात आपली चूक कुणी काढत नाही. चूक काढणारं माणूस हवं, आणि शक्यतो आपल्यापेक्षा लहान. पोहायला शिका, तबला शिका, कानडी शिका, पण शिकवणाऱ्यापुढे बसून शिका. महर्षी अण्णासाहेब कर्वे बघा. मुरुडहून साताऱ्याला परीक्षेसाठी शंभरावर मैल चालत गेले आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना बसू दिलं नाही. हाच माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी महिला विद्यापीठ काढतो, १९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, युरोप-अमेरिकेला निघतो, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांचं काम नव्याने हाती घेतो. तुम्ही म्हणाल ते कर्वे, आपण कोण? मग मुरबाड तालुक्यातलं फांगणे बघा. तिथे २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका, गुलाबी नऊवारी, हातात पाटी. अंगठा देणारा हात सही करायला लागला.

(हो हो, दोन मिनिटं.)

इथे मुलं-सुना बसल्यात त्यांना एक हात जोडून विनंती. आईच्या हातातून फोन घेऊन "द्या, मी करते" म्हणू नका. परवा एका बँकेत माझ्या खात्याबद्दलचे प्रश्न माझ्या मुलाला विचारत होते, मी समोर असताना. घरी फोन काढून घेतात तेही तेच. अर्धा तास लागला तर लागू दे. तिला चुकू द्या, आणि मग चूक दाखवा.

आणखी दोन मुद्दे होते, ते राहू देत. माझ्याकडे त्या विहिरीच्या कागदाच्या झेरॉक्स आहेत, पुढून मागे फिरवा. सातव्या ओळीत शेवटून तिसरा शब्द मला अजून लागलेला नाही. मॅडमनाही नाही. कुणाला लागला तर चहाच्या वेळी मला गाठा. मी खिडकीपाशी आहे.